पंचवटीचे हंस

पंचवटीस जाणारा यात्रेकरू काय काय पाहतो हे वाचकांस नव्याने सांगावयास नको. रामकुंडावरील स्नान, काळ्या रामाचे दर्शन, सीतागुंफेत अंग चोरून उतरणे, वडांच्या झाडांपाशी क्षणभर टेकणे, आणि परतताना चिवड्याची पुडी पिशवीत पडली म्हणजे यात्रा सुफळ झाली असे आपण समजतो. आम्हीही आजवर तसेच समजत होतो. परंतु गेल्या पौषात तेथे सलग आठ दिवस राहण्याचा योग आला, आणि जिची उणीव आम्हांस पूर्वी कधीच भासली नव्हती अशी एक गोष्ट पंचवटीत नाही हे ध्यानात आले. ती गोष्ट म्हणजे हंस.

प्रसंग असा घडला. आम्ही उतरलो होतो तो आप्तांचा जुना वाडा काळ्या रामाच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर आहे. पंचवटीत राहावयाचे तर रोज सायंकाळी अरण्यकांडाचे वाचन करावे असे ठरले. आम्ही श्लोक वाचून अर्थ सांगावा, घरची मंडळी व शेजारच्या दोन-तीन वृद्ध स्त्रिया यांनी ऐकावे, असा क्रम होता. आमची नात महाविद्यालयात संस्कृत शिकते. तीही पोथी उघडून शेजारी बसे. पहिल्याच दिवशी पंधरावा सर्ग लागला. त्यात श्रीराम लक्ष्मणाला पर्णकुटीची जागा दाखवितात आणि जवळच वाहणारी गोदावरी फुललेल्या वृक्षांनी वेढलेली, हंस व कारंडव यांनी गजबजलेली, चक्रवाकांनी शोभणारी आहे असे सांगतात. ऐकणाऱ्यांस फार आनंद झाला. आपण बसलो आहोत त्याच नदीचे हे वर्णन, या जाणिवेने एका आजींनी हात जोडले.

पुढे कबंधाच्या उद्धाराचा भाग आला. रामलक्ष्मणांनी अग्नी दिल्यावर कबंधाला दिव्य देह मिळतो, आणि तो त्यांना पंपा सरोवराची वाट सांगतो. हा त्र्याहत्तरावा सर्ग वाचताना आम्ही मधले काही श्लोक गाळले. खरे सांगावयाचे तर तेवढे श्लोक आम्ही जन्मभर गाळीत आलो होतो. शाळेत गाळले, देवळात गाळले, घरातही गाळले. या खेपेस मात्र शेजारी पोथी उघडी होती.

रात्री जेवणे झाल्यावर नात जवळ येऊन बसली व हळूच म्हणाली, “आजोबा, तुम्ही आज काही श्लोक गाळलेत.”

“होय,” आम्ही म्हणालो.

“मी ते वाचले. पंपेवरचे हंस माणसाला पाहून भीत नाहीत, कारण त्यांना वध ठाऊकच नाही, असं कबंध सांगतो. आणि लगेच म्हणतो, तुपाच्या गोळ्यासारखे ते लठ्ठ पक्षी तुम्ही खाल. पुढं माशांचंही आहे. लक्ष्मण बाणानं मासे मारील, त्यांची साल नि पंख काढील, लोखंडावर भाजून देईल, असं.”

“होय, तसेच आहे.”

“मग गाळलेत का?”

प्रश्न विनयाने विचारला होता, म्हणूनच तो टाळता येईना. आम्ही प्रथम व्याकरणाचा आश्रय घेतला. तिला म्हटले, ‘भक्ष्’ हा दहाव्या गणाचा धातू आहे. त्याचे साधे रूप आणि प्रयोजक रूप दिसावयास एकच. तेव्हा ‘खाल’ असे न घेता ‘खाऊ घालाल’ असा अर्थ कोणी लावू म्हटले तर लावील. ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, “पण आजोबा, पक्ष्यांना नुसतं खाऊच घालायचं असेल, तर ते तुपाच्या गोळ्यासारखे लठ्ठ आहेत हे कबंधानं कशाला सांगावं?” यावर आम्हांपाशी उत्तर नव्हते. विद्यार्थ्यांना आम्ही आयुष्यभर सांगत आलो की अर्थ संदर्भाने ठरतो, आपल्या इच्छेने नव्हे. तोच धडा आमच्या नातीने आम्हांस परत दिला.

त्या रात्री झोप लागेना. जुने ग्रंथ हंसाविषयी काय म्हणतात ते मनाशी जुळवीत राहिलो. वाचकांपुढेही ते ठेवतो, कारण आमच्याप्रमाणे पुष्कळांनी यातील अर्धेच ऐकलेले असते.

प्रथम हंस म्हणजे कोण? रंगीत चित्रांतून सरस्वतीच्या पायाशी जो लांब मानेचा शुभ्र पक्षी असतो, तो युरोपातील चित्रांवरून आपल्याकडे आला. आपल्या कवींनी थंडीत उत्तरेकडून येताना व पावसाळ्याच्या तोंडाशी मानसाकडे जाताना पाहिला तो रानहंस, म्हणजे ज्याला इंग्रजीत ‘गूस’ म्हणतात तो. जर्मन ‘गान्स’, लॅटिन ‘आन्सेर’ आणि आपला ‘हंस’ हे एकाच मूळ शब्दाचे वंशज होत. फोगेल नावाच्या डच पंडिताने 1962 साली या विषयावर एक स्वतंत्र पुस्तकच लिहिले आहे.

हा पक्षी खाद्य म्हणून आपल्या पूर्वजांस अपरिचित नव्हता. चरकाने सूत्रस्थानाच्या सत्ताविसाव्या अध्यायात, अन्नपानाच्या विवेचनात, हंसाच्या मांसाचे गुण सांगितले आहेत: ते जड, उष्ण, मधुर व स्निग्ध असून स्वर, वर्ण व बल देते आणि वाताचा नाश करते. काळ्या पायांच्या धार्तराष्ट्र हंसाची अंडीही तेथे उपयुक्त म्हणून सांगितली आहेत. उलट मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात ज्या पक्ष्यांचे मांस वर्ज्य ठरविले, त्यांत हंस व चक्रवाक नावानिशी आहेत. शिवाय ज्यांच्या पायांना पडदा असतो असे सारेच पक्षी तेथे निषिद्ध आहेत. कौटिल्याने सूनाध्यक्षाच्या प्रकरणात हंसाला जीव राखावयाच्या मंगल पक्ष्यांत घातले. सम्राट अशोकाने राज्याभिषेकास 26 वर्षे झाल्यावर जे प्राणी अवध्य म्हणून स्तंभावर कोरविले, त्या यादीतही हंस आहे.

हे सारे एकत्र ठेवले म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. जे कोणी खातच नव्हते, त्याला कोणी निषेध करीत बसत नाही. हंस रुचकर होता, पुष्टिकारक होता, सहज सापडत होता. म्हणूनच त्याला सोडावे असे सांगण्याची गरज पडली. त्याच पाचव्या अध्यायात मनूने म्हटले आहे की प्रवृत्ती ही प्राणिमात्रांस स्वाभाविकच आहे. निवृत्तीचे फळ मात्र मोठे. आता निवृत्ती म्हणजे मागे फिरणे. जो त्या वाटेने कधी गेलाच नाही, तो मागे कोठून फिरणार? आम्ही श्लोक गाळून लपविले ते पूर्वजांचे खाणे, अशी आमची समजूत होती. वस्तुतः लपविली होती ती त्यांची निवृत्ती.

आमच्या पिढीला हे सुचावयास हवे होते, कारण रघुनाथ पंडितांचे नलदमयंती-आख्यान आम्ही लहानपणीच पाठ केले होते. नळाच्या हाती सापडलेला तो हंस आपल्या म्हाताऱ्या आईचे नाव घेऊन विलाप करतो, आणि राजा त्याला सोडतो, हा भाग शिकविताना आमचा स्वतःचाच कंठ दाटून येई. पण राजाने त्याला का धरले होते, आणि तो हंस एवढा का घाबरला होता, हे आम्ही मुलांना कधी नीट विचारले नाही. महाभारतातील मूळ कथेत तर पुढे वनात उपाशी हिंडणारा हाच नळ सोनेरी पंखांचे पक्षी पाहून ‘आजचे जेवण मिळाले’ असे म्हणतो व त्यांवर आपले एकुलते वस्त्र टाकतो. पक्षी वस्त्रासकट उडून जातात. एकदा करुणेने सोडलेला हात भुकेने पुन्हा पुढे होतो, हे व्यासांनी लपविले नाही.

असो. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही नातीला घेऊन रामकुंडावर गेलो. नदीचा तळ फरसबंद, काठ फरसबंद. पाण्यावर निर्माल्य, पणत्यांचे द्रोण आणि प्लास्टिकच्या पिशव्या. वरच्या अंगाला पाणवेलीचे हिरवे गालिचे. कबुतरे पुष्कळ होती, कावळेही होते. वाल्मीकींनी सांगितलेल्या तीन जलपक्ष्यांपैकी एकही नव्हता. नात म्हणाली, “मग हंस गेले कुठं?” घाटावरील एका गृहस्थांनी ते ऐकले आणि म्हणाले, “हंस पाहायचेत? मग नांदूर-मध्यमेश्वरला जा. नदी इथून तिकडंच जाते.”

तेव्हा आम्ही नदीच्या मागोमाग निघालो. नाशकाहून निफाडमार्गे हे स्थळ चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर आहे. वाटेत द्राक्षांचे मांडव, उसाचे फड, कांद्याची व हरभऱ्याची शेते. गोदावरीला जेथे कादवा मिळते, तेथे विसाव्या शतकाच्या आरंभी कालव्यांसाठी दगडी बंधारा घातला गेला. शंभर वर्षांत त्यामागे गाळ साचत गेला, पाणी उथळ झाले, बेटे उठली, पाणकणीस माजले, आणि अभियंत्यांच्या मनातही नव्हते असे एक पक्षितीर्थ आपोआप तयार झाले. 1986 साली शासनाने ते अभयारण्य म्हणून जाहीर केले, आणि 2020 च्या जानेवारीत त्याला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाल्याचे जाहीर झाले. महाराष्ट्रात हा मान प्रथम याच स्थळास मिळाला. (हे रामसर म्हणजे इराणातील एक गाव, तेथे 1971 साली पाणथळ जागांच्या रक्षणाचा करार झाला. ‘राम’ व ‘सर’ अशी फोड करण्याचा मोह आम्हांसही झाला होता.) गावात मृगव्याधेश्वराचे देऊळ आहे. रामाने मारीचमृगावर बाण सोडला तो येथूनच, असे गावकरी सांगतात.

पक्षी दाखविण्यास गावातील एक तरुण आमच्याबरोबर आला. त्याच्या गळ्यात दुर्बीण होती, आणि पक्ष्यांची नावे तो आमच्या वेळचे विद्यार्थी रामरक्षा म्हणत तशी सफाईने म्हणत होता. काळ्या अंगाचा, पांढऱ्या कपाळाचा वारकरी. पिवळ्या-तांबड्या ठिपक्यांच्या चोचीचा हळदी-कुंकू. केशरी रंगाची चक्रवाकाची जोडी. शेवटी त्याने दुर्बीण आमच्या हाती दिली आणि दूरच्या गवताळ बेटाकडे बोट दाखविले. तेथे चाळीस-पन्नास राखी रंगाचे पक्षी चरत होते. शुभ्र मस्तकावर मागच्या बाजूस दोन काळे आडवे पट्टे, चोच व पाय नारिंगी-पिवळे. हाच पट्टकादंब, आपल्याकडे येणारा मुख्य रानहंस हा. अमरकोशात कादंब व कलहंस एकच म्हटले आहेत हे वाचकांस आठवेल.

या पक्ष्याचे वजन दोन-तीन किलो. उन्हाळ्यात तो लडाख, तिबेट, मंगोलिया येथील सरोवरांवर पिले वाढवितो आणि थंडीत हिमालय ओलांडून आपल्याकडे येतो. संशोधकांनी त्याच्या अंगावर लहान यंत्रे बांधून पाहिले, तेव्हा तो सात हजार मीटरांहूनही उंच उडत असल्याची नोंद मिळाली. इतक्या विरळ हवेतूनही प्राणवायू धरून ठेवण्याची शक्ती त्याच्या रक्तात आहे. मानसाकडून येणारा हंस ही कविकल्पना नव्हती. कवींनी डोळे उघडे ठेवून पाहिलेले सत्य होते.

परतताना त्या तरुणाने आम्हांस चहासाठी घरी नेले. ओट्यावर त्याचे आजोबा घोंगडी पांघरून बसले होते. वय ऐंशीच्या पुढे. घराणे पिढीजात भोयांचे, मासेमारी करणारे. हंस पाहून आलो म्हणताच ते हसले. “आता पोरं दुर्बिणीतून बघतात. आम्ही तव्हा खायचो, गुरुजी. खोटं कशाला बोलू? ते दिवसच तसले होते, अन् कुणाची मनाई नव्हती.”

आम्हांस मागील रात्र आठवली. आम्ही म्हणालो, “सांगा बाबा, सगळे सांगा.”

त्यांनी सांगितले ते असे. हंस दिवसा पाण्यावर विसावतात व रात्री शेतात उतरून कोवळा हरभरा, गहू खुडतात. शेतकऱ्याला त्यांचा ताप होतो. त्यामुळे रात्री वाटेवर फास मांडला म्हणजे एखादा सापडे. चिखलात चोच खुपसणाऱ्या बदकाला हिंवस वास येतो; हंस गवत-दाण्यावर राहणारा, म्हणून त्याला तो येत नाही. पिसे कोरडीच उपटावयाची, राहिलेली लव वाळल्या गवताच्या जाळावर भाजून काढावयाची. पक्षी जून असला तर मांस चामड्यासारखे चिवट. म्हणून संध्याकाळी मडक्यात घालून गोवऱ्यांच्या मंद आचेवर ठेवावयाचे, ते सकाळी उतरावयाचे. कांदा व सुके खोबरे भाजून वाटलेले, लसूण, लाल मिरची, आणि बरोबर बाजरीची भाकरी. चरबी निराळी काढून बाटलीत ठेवीत. थंडीत सांधे धरले की चोळावयास. “वाताला लई गुणाची,” बाबा म्हणाले. आम्ही व नात यांनी एकमेकांकडे पाहिले. चरकाचे नावही न ऐकलेल्या माणसाच्या तोंडून चरकाचे वचन बाहेर पडले होते.

“मग सोडले केव्हा? कायदा झाला तेव्हा?” आम्ही विचारले.

“कायदा मागून आला. आमच्या आईनं त्याच्या आधीच बंद केलं.” ते थोडे थांबले. “एका साली जोडीतला एक धरला. दुसरा रातभर घरावरून वरडत फिरला. दुसऱ्या राती बी आला. मडकं चुलीवर होतं. आई उठली, मडकं उतरून बाहेर नेऊन ठेवलं, अन् म्हणाली, आजपासून हे माझ्या चुलीवर चढायचं नाही. भुकेचे दिवस होते, गुरुजी. आम्ही पोरं रडलो. पण ती काही बधली नाही.”

आम्ही काय बोलणार? ज्या काव्याची सुरुवातच जोडीतील क्रौंच मारला गेल्याच्या शोकातून झाली, ते काव्य आम्ही वर्षानुवर्षे शिकवीत आलो. त्या माउलीने ते वाचले नव्हते. परंतु उपाशी मुलांसमोर चुलीवरचे मडके उतरविणे याचे नाव निवृत्ती. आमच्या घरी हंस शिजला नाही यात आमचे काही पुण्य नव्हते. आमच्या ताटात तो कधी येणारच नव्हता.

पाश्चात्त्य देशांत आजही नाताळात, आणि जर्मनीत 11 नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणाला, हंस भाजून खातात. ते पाळीव हंस; घरी वाढविलेले, चरबीने भरलेले. त्याविषयी आम्हांस निवाडा द्यावयाचा नाही. आपल्याकडे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि परवान्याने होणारी शिकारही थांबविणारी 1991 ची दुरुस्ती, यांनी रानहंसाला कायद्याचे कवच मिळाले. पण शिकारी हा त्याचा एकटाच वैरी नव्हे. 2020 च्या डिसेंबरात व पुढील महिन्यात हिमाचल प्रदेशातील पोंग धरणावर पक्ष्यांच्या साथीने हजारो पक्षी मेले. त्यांत बहुसंख्य हेच हंस होते.

बंधाऱ्यावरून शेवटचे पाहताना त्या तरुणाने पाण्याच्या कडेला साचलेला केर दाखविला. पाणवेल, प्लास्टिक, आणि त्यांत अडकलेला झेंडूच्या माळांचा एक लगदा. तो काही बोलला नाही; बोलण्याची आवश्यकताही नव्हती. नदी कोठून येते हे आम्हांस ठाऊक होते. सकाळी रामकुंडावर आमच्याच घरच्या मंडळींनी तशी एक माळ पाण्यात सोडली होती.

तेव्हा मनात आलेला विचार वाचकांस कठोर वाटेल, तरी लिहितो. त्या भोयाच्या घराने हिवाळ्यात पाच-दहा हंस खाल्ले असतील. तरी हंस दरसाल तेथे येत राहिले. पंचवटीत आम्ही एकही हंस खाल्ला नाही. आणि पंचवटीत आज एकही हंस नाही. त्यांना बसावयास उथळ पाणी, चरावयास गवत आणि स्वच्छ काठ लागतो. ते आम्ही फरसबंद केले, निर्माल्याने भरले, आणि वर स्वतःस अहिंसक म्हणविले. मांस न खाणे हा चांगला आचार आहे व तो आम्ही सोडणार नाही. परंतु हिंसा केवळ दातांनीच होते असे नाही.

पंचवटीस परत आलो ती शेवटची सायंकाळ होती. मंडळी जमली. आम्ही पोथी उघडली व म्हणालो, “परवा आम्ही काही श्लोक गाळले होते. ते आज वाचतो.” आणि त्र्याहत्तरावा सर्ग आरंभापासून वाचला, पंपेवरचे निर्भय हंस, तुपाच्या गोळ्यांची उपमा, मासे, सारे सांगितले. पुढे पंपेवर पोचल्यावर रामलक्ष्मणांनी ते हंस खाल्ल्याचे कवीने कोठे लिहिलेले नाही. शबरीने गोळा केलेल्या वनातील पदार्थांचे मात्र लिहिले आहे, हेही सांगितले. मग भोयाच्या आईची गोष्ट सांगितली.

आम्हांस वाटले होते की कोणी रागावून उठेल. कोणी उठले नाही. पहिल्या दिवशी ज्या आजींनी हात जोडले होते, त्या बराच वेळ गप्प बसून होत्या. मग म्हणाल्या, “गुरुजी, उद्यापासून निर्माल्य मी अंगणातल्या तुळशीच्या मातीत घालीन. गंगेत नको.”

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. नातीने जाताना पोथीत त्या श्लोकांपाशी एक राखी पीस ठेवले. ते तिला कोठे मिळाले, ते आम्ही विचारले नाही. आता ते पान आपोआप उघडते.